पुण्यात बिऱ्हाड आणताना: एरियाच्या नावावर जाऊ नका, गेटाबाहेरचे पाचशे मीटर बघा

पुण्याला बदली झाली की प्रश्न ठरलेला असतो: "कोथरूड बरं की वाकड? बाणेर की खराडी?" या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच रस्त्यावर एका सोसायटीला महापालिकेचं पाणी येतं आणि समोरच्या सोसायटीच्या गेटवर सकाळपासून टँकर लागलेले असतात. वाकडमध्येच एका गल्लीतून मूल चालत शाळेत जाऊ शकतं आणि दोन चौक पलीकडे हायवेच्या सर्व्हिस रोडशिवाय बाहेर पडायची वाटच नसते. त्यात 'ॲनेक्स', 'न्यू', 'एक्स्टेन्शन' असली शेपटं लावून बिल्डरांनी नावांचा घोळ घातलेला आहेच. नाव मोठ्या उपनगराचं आणि सातबारा शेजारच्या गावाचा, असा प्रकार जाहिरातीत सर्रास दिसतो.

मुलांसकट, कदाचित आईवडिलांसकट नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर किंवा बंगळूरहून पुण्यात येणाऱ्या कुटुंबासाठी हे आहे. क्रम असा ठेवा: आधी ऑफिस आणि शाळा, मग पाणी, मग पुराचा धोका, मग प्रत्यक्ष फेऱ्या आणि सगळ्यात शेवटी घर. बहुतेक लोक उलट करतात. ऑनलाइन फोटोत हॉल आवडतो, टोकन देऊन टाकतात आणि जूनमध्ये कळतं की शाळेची बस त्या बाजूला येतच नाही.

किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा

गूगल मॅप्सवर घर ते ऑफिस टाकून 'आत्ता' किती वेळ लागतो ते बघण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही ते रात्री जेवण झाल्यावर बघत असता. निघण्याची वेळ स्वतः भरता येते. मंगळवार सकाळी पावणेनऊ आणि बुधवार संध्याकाळी साडेसहा अशा दोन वेळा भरून बघा. उत्तर '४० ते ७५ मिनिटं' असं येतं. त्यातला मोठा आकडा धरा. पावसाळ्यात तोच खरा ठरतो.

पुण्यात अंतरापेक्षा चौक महत्त्वाचे आहेत. हिंजवडीला जाणाऱ्याला भूमकर चौक आणि वाकडचा पूल ओलांडावा लागतो का, वाघोलीहून येणाऱ्याला केसनंद फाटा लागतो का, दक्षिणेकडून येणाऱ्याच्या वाटेत कात्रज-कोंढवा रस्ता किंवा नवले पूल आहे का, हे आधी बघा. नवले पुलाकडे कात्रजच्या नव्या बोगद्यातून उतार येतो आणि ब्रेक निकामी झालेल्या जड वाहनांचे अपघात तिथे वारंवार झाले आहेत. रोज दुचाकीवर मूल मागे बसवून तिथून जायचं असेल तर घर कितीही छान असो, यादीतून काढा.

लांबचा प्रवास मोठ्या माणसाने करावा, मुलाने नाही. शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत किंवा बसने वीस-पंचवीस मिनिटांवर, ही मर्यादा पक्की धरा आणि ऑफिसचा प्रवास त्याभोवती बसवा. दुसरी कसोटी: शाळेतून दुपारी "मुलाला ताप आहे, घेऊन जा" असा फोन आला तर घरातलं कोण अर्ध्या तासात पोचेल? दोघं नोकरी करत असतील, एक हिंजवडीत आणि एक खराडीत, तर किमान एकाला हे जमलं पाहिजे. दोघांना मध्यावर पडेल अशी जागा शोधण्याच्या नादात दोघंही तासभर लांब राहतात. त्यापेक्षा ज्याच्या कामाच्या वेळा लवचीक आहेत त्याने लांबचं टोक घ्यावं.

मेट्रोच्या दोन मार्गिका सोयीच्या आहेत: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर मिळतात. रामवाडीपुढे खराडी किंवा वाघोलीला बस नाहीतर रिक्षा करावी लागते, तो वेळ वेगळा धरा. स्थानकांच्या नावांवरही जाऊ नका. नाशिक फाट्याजवळच्या स्थानकाला सुरुवातीला भोसरी हे नाव दिलं होतं. भोसरी गावठाण तिथून बरंच लांब. 'मेट्रोपासून पाच मिनिटं' असं एजंट म्हणाला तर ती पाच मिनिटं पायी की गाडीने ते विचारा आणि पायी असतील तर स्वतः चालून बघा.

हद्द कोणाची?

पुण्यात निदान तीन वेगवेगळे कारभार आहेत: पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि या दोन्हींच्या बाहेर पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) क्षेत्रातल्या ग्रामपंचायती. हिंजवडी आयटी पार्कमुळे जगभर माहीत असली तरी हिंजवडी, माण आणि मारुंजी ही गावं ग्रामपंचायतीखाली आहेत. ऑफिसच्या अलीकडचा पूल टाळायचा म्हणून तिकडे घर घेणं शहाणपणाचं असू शकतं, पण पाणी, कचरा, पथदिवे हे सगळं सोसायटीने स्वतः उभं केलेलं असतं. महापालिकेत समावेशाची चर्चा अधूनमधून होते. चर्चेच्या भरवशावर घर घेऊ नका.

महापालिकेत आलं म्हणजे सगळं आलं असंही नाही. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३: वाघोली, सूस, म्हाळुंगे, पिसोळी, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, किरकटवाडी वगैरे. कर महापालिकेचा सुरू झाला, पण जलवाहिन्या आणि ड्रेनेजची कामं मागून चालली आहेत. २०१७ ला आत आलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीला तर नंतर बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. म्हणून घरमालकाकडून मिळकतकराचं बिल मागून घ्या. त्यावर कोणाचं नाव आहे ते बघितलं की तक्रार कुठल्या क्षेत्रीय कार्यालयात जाणार हेही कळतं.

पाणी: इथेच जास्त वेळ घालवा

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचं एका वर्षात दोनदा घर बदलण्याचं कारण बहुधा पाणीच असतं. शहराला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून पाणी येतं, पूर्वेकडच्या काही भागाला भामा आसखेडमधून. पिंपरी-चिंचवडचं मुख्य पाणी पवना धरणाचं आणि तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पुरवठा आहे. दिवसाआड म्हणजे वाईट असं नाही. मोठी टाकी असलेल्या सोसायटीला ते जाणवतही नाही, पण स्वतंत्र बंगल्यात किंवा चार मजली जुन्या इमारतीत टाकी केवढी आहे हे विचारावंच लागतं.

माणशी रोजचे १३५ लिटर हा हिशोबाचा सरकारी आकडा. पाच जणांच्या घराला ६७५ लिटर. आता ८० फ्लॅटची सोसायटी घ्या, घरटी चार माणसं: ३२० माणसं, ४३,२०० लिटर. म्हणजे महापालिकेचं कनेक्शन नसेल तर दहा हजार लिटरचे रोज चार-पाच टँकर. वॉचमनला सहज विचारा, "काका, सकाळी किती टँकर येतात?" तो "एखाददुसरा" म्हणाला तर उरलेलं पाणी बोअरचं आहे, आणि बोअर एप्रिलमध्ये आटते. टँकरचा दर समजा हजार रुपये असेल, तर साडेचार टँकरचे महिन्याला १,३५,००० रुपये, घरटी जवळजवळ १,७०० रुपये. हे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वर वेगळे, आणि भाडेकरूने द्यायचे की मालकाने, हे करारात लिहून घ्यायचं असतं. तोंडी "मेंटेनन्स माझा" म्हणणारा मालक मे महिन्यात "टँकर तुमचा" म्हणतो.

घर बघायला जाल तेव्हा पुढच्या गोष्टी बघा. एजंट बाल्कनीतून व्ह्यू दाखवत असताना तुम्ही बाथरूममध्ये जा. नळाच्या तोंडावर आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा थर असेल, टाइल्स खरखरीत झाल्या असतील, तर पाणी जड आहे: बोअर किंवा बोअरचं टँकर. अशा पाण्याने गीझरची कॉइल लवकर जाते, कपडे कडक होतात. काहीशे रुपयांत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मिळतो, तो खिशात ठेवा. धरणाच्या पाण्याचा आकडा दोनशेच्या बराच खाली राहतो. मीटरने पाचशे-सहाशे दाखवलं तर 'कॉर्पोरेशनचं पाणी आहे' हे वाक्य अर्धंच खरं. पिण्याच्या पाण्यासाठी पाचशेपर्यंत चालतं असं मानक सांगतं.

पण टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, हे विसरू नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या टोकाकडे, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात गुलेन बारी सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच आला होता. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते पाहायला ओटी टेस्टचं लहान किट मिळतं: नळीत पाणी, वर दोन-चार थेंब, रंग पिवळा झाला तर क्लोरीन आहे. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पाणी पिवळं झालंच नाही तर सोसायटीच्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या ते विचारा. टाकीच्या झाकणावर किंवा नोटीस बोर्डवर तारीख लिहिलेली असली तर कमिटी जागी आहे असं समजा.

नोटीस बोर्ड हा तर खजिना. लिफ्टशेजारी दोन मिनिटं उभे राहून वाचा. पाणीकपातीच्या नोटिसा, टँकरच्या वाढीव वर्गणीच्या नोटिसा, थकबाकीदारांची यादी, जनरेटर बंद असल्याची सूचना, 'मुलांनी पार्किंगमध्ये खेळू नये' अशी ताकीद. एजंट जे सांगत नाही ते तिथे टाचणीने लावलेलं असतं.

आणि एक फेरी शुक्रवारी सकाळी मारा. पुण्यात जलकेंद्रांच्या दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. 'शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल' ही ओळ पुणेकरांना पाठ आहे. शुक्रवारी नऊ वाजता ज्या सोसायटीत नळाला धार आहे तिची साठवण पुरेशी आहे.

ओढा कुठे होता?

उन्हाळ्यात घर बघितलं की पूर दिसत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर येऊन कात्रज, अरण्येश्वर, सहकारनगर भागात माणसं वाहून गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत तळमजले बुडाले. ही सगळी वर्षानुवर्षं राहती, चांगली वस्ती होती.

विकास आराखड्याच्या नकाशात नदीकाठी दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नकोच. दोन रेषांच्या मध्ये असेल तर तळमजला आणि पहिला मजला सोडा, आणि वीज मीटर किती उंचीवर बसवलेत ते बघा. एकदा पाणी येऊन गेलेल्या सोसायटीत मीटर नंतर वर सरकवलेले असतात, पार्किंगच्या भिंतीवर एका सरळ रेषेत रंग बदललेला असतो, तळमजल्याच्या दुकानाला कमरेएवढा ओटा असतो. ओढ्यांचं तसंच. बावधन, पाषाण, बाणेरमधून रामनदी जाते आणि बऱ्याच जागी ती नालाच वाटते. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला सांगवी, दापोडीत मुळा-पवनेचं पाणी घुसतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला किंवा किराणा दुकानदाराला विचारा, "पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?" त्याला घर विकायचं नसतं, तो खरं सांगतो.

शाळा आधी, डिपॉझिट नंतर

घराचं डिपॉझिट देण्याआधी शाळेतली जागा पक्की करा. नर्सरी, ज्युनिअर केजीचे प्रवेश खासगी शाळांत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-डिसेंबरपासूनच सुरू होतात. तिसरी-चौथीच्या पुढे कोणी शाळा सोडली तरच जागा निघते. त्यामुळे 'घराजवळ पाच शाळा आहेत' याला अर्थ नाही. त्यातल्या किती शाळांत तुमच्या मुलाच्या इयत्तेत जागा आहे, तेवढंच विचारायचं. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि राज्य मंडळाचं जूनमध्ये. विदर्भातून येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवा: तिकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पुण्यात जूनच्या मध्याला. 'आपल्याकडे अजून सुट्टी आहे' म्हणेस्तोवर इथे आठवडा-दोन आठवड्यांचा अभ्यास झालेला असतो.

वयाची अट: राज्यात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण, केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चपर्यंत. एका शाळेत बसणारं मूल दुसरीकडे बसत नाही ते यामुळे.

शाळा खरी आहे का, हेही तपासायचं असतं. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) असतो. तो मागा. प्रवेश अर्जावर किंवा दाखल्यावर छापलेला नसेल तर सावध व्हा. सीबीएसई म्हणत असतील तर संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर बघा. नव्या उपनगरांत इमारत चकाचक आणि मान्यता 'प्रक्रियेत' अशा शाळा निघतात, आणि अनधिकृत शाळांची यादी शिक्षण विभाग जाहीर करतो तेव्हा पालकांची धावपळ होते. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, जन्मतारीख आणि जात नीट वाचा. तिथली एक चूक पुण्यातून सुधारायला महिने जातात. परराज्यातून येत असाल तर राज्यात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे, तेव्हा पाचवी-सहावीत एकदम मराठीला सामोरं जाणाऱ्या मुलासाठी शाळा काय करते ते विचारून घ्या.

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घराची जागा फार महत्त्वाची. शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. भाड्याच्या घराचा पत्ता नोंदणीकृत करारानेच सिद्ध होतो आणि तो करार अर्ज भरण्याआधीचा लागतो. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद इथे उपयोगाचा नाही.

स्कूल बसबद्दल एकच प्रश्न पुरेसा आहे: "आमचा स्टॉप कितवा?" पहिला असेल तर मूल सकाळी सहा-सव्वासहाला उभं राहणार आणि शाळा चार किलोमीटरवर असूनही पाऊण तास फिरणार. बसमध्ये महिला मदतनीस नियमाने सक्तीची आहे. बस सुटताना शाळेच्या गेटवर उभे राहून ती खरोखर आहे का, ते बघा. स्टॉप रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे तेही. पलीकडच्या बाजूला असेल तर घरातल्या एका माणसाला रोज दुपारी रस्ता ओलांडून उभं राहावं लागणार, आणि हे काम बहुधा आजोबांच्या वाट्याला येतं.

तीन फेऱ्या, तीन वेळा

एक फेरी मंगळवारी-बुधवारी सकाळी साडेआठला, एक कुठल्याही दिवशी संध्याकाळी साडेपाच ते सात, एक शनिवारी रात्री दहाला. रविवारी दुपारी दाखवलेलं घर सगळीकडे शांतच असतं.

सकाळच्या फेरीत गेटपासून चारी दिशांना पाचशे मीटर चालत जा. पाचशे मीटर म्हणजे मोठ्या माणसाची सहा-सात मिनिटं, सात वर्षांच्या मुलाची किंवा सत्तरीच्या आजीची दहा-बारा. फुटपाथ आहे का, आणि असेल तर त्यावर मोकळं चालता येतं का, की विजेची डीपी पेटी, टपऱ्या, लावलेल्या गाड्या यांनी भरलाय? मुख्य रस्ता ओलांडायला घड्याळ लावा. दोन मिनिटं उभं राहूनही पलीकडे जाता आलं नाही तर पलीकडचं सगळं, बाग असो की दवाखाना, तुमच्यासाठी नाहीच असं धरा. या टप्प्यात काय हवं? किराणा, भाजी, मेडिकल, बालरोगतज्ज्ञ, पिठाची गिरणी. गिरणी किरकोळ वाटते, पण गिरणी, इस्त्री आणि पोळीभाजी केंद्र जिथे चालतं तिथे कुटुंबं राहतात, हा बऱ्यापैकी पक्का ठोकताळा आहे. नुसती कॅफे आणि पीजीच्या पाट्या दिसल्या तर वस्ती वेगळी आहे.

संध्याकाळची फेरी सोसायटीच्या आत. मोकळी जागा किती आहे यापेक्षा तिथे कोण खेळतंय ते बघा. पाच ते बारा वयाची दहा-पंधरा मुलं खाली असतील तर तुमच्या मुलाला पहिल्या आठवड्यात दोस्त मिळतील. माहितीपत्रकात क्लबहाउस, टेनिस कोर्ट सगळं असतं आणि संध्याकाळी सहाला मैदानात फक्त वॉचमन, असंही असतं. मुलं सायकल चालवतात त्याच वाटेवर गाड्या वळतात का? पोहण्याच्या टाकीला कुंपण आणि कुलूप आहे का? विजेच्या पेटीची दारं उघडी लोंबतायत का? आठव्या मजल्यावर घर घेत असाल तर वीज गेल्यावर लिफ्ट किती सेकंदांत जनरेटरवर येते ते विचारा. सगळ्या लिफ्ट येतात की एकच, हेही.

रात्रीच्या फेरीत आवाज आणि उजेड. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. फोनवरचं ॲप ढोबळ आकडा देतं तेवढा पुरे. शेजारी मंगल कार्यालय, लॉन्स किंवा रूफटॉप हॉटेल असेल तर मुलाच्या दहावीचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. विमाननगर, लोहगाव, धानोरी, कळस इकडे हवाई दलाची लढाऊ विमानं उडतात. लहान बाळ दचकून उठतं, मोठ्यांना सवय होते. फुरसुंगी-उरुळी देवाची आणि मोशी इथल्या कचरा डेपोंचा वास वारा फिरला की दूरवर जातो. त्या बाजूला घर बघत असाल तर पाऊस पडून गेल्यावर एकदा जा. पथदिवे मोजा. बसस्टॉप ते गेट हा टप्पा अंधारात असेल तर क्लासहून येणाऱ्या मुलीला रोज कोणीतरी आणायला जावं लागणार.

आईवडील बरोबर येणार असतील तर त्यांना एकदा घेऊन जा. बावधन, सूस, वारजे, धायरी या टेकड्यांच्या कडेच्या भागात नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर चढाचं असतं आणि गुडघेदुखीच्या माणसाला ते जमत नाही. जवळ ज्येष्ठ नागरिक संघ किंवा महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे का, तिथे सकाळी मराठी बोलणारी चार माणसं भेटतात का, यावर त्यांचं पुण्यात रमणं ठरतं. गावाकडे अंगण सोडून आलेल्यांना फ्लॅटचा चौदावा मजला खायला उठतो. रात्री अकराला रिक्षा मिळते का ते फोनवरून बुक करून बघा (आणि मिळाल्यावर रद्द करा, तेवढं चालतं). आरोग्य विमा असेल तर कंपनीच्या कॅशलेस यादीतलं, आयसीयू असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथे रात्री किती मिनिटांत पोचता येतं, हे कागदावर लिहून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण तिला सोसायटीच्या आत वळता यायला हवं. बेकायदा पार्किंगने वाट अडलेली असेल तर स्ट्रेचर गेटापासून आणावा लागतो.

निदान वर्षभर भाड्याने

पुण्यात पाय ठेवताच घर विकत घेऊ नका. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या भागात काढा, मग ठरवा.

भाडेकरार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, आणि तो नोंदवणं राज्यात सक्तीचं आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. हल्ली ती घरबसल्या ऑनलाइन होते. खर्च फार नसतो: मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. २५,००० भाडं, ११ महिने, एक लाख डिपॉझिट असेल तर साधारण ७१० रुपये. शिवाय शहरात १,००० रुपये नोंदणी फी. 'नोंदणीचा खर्च फार येतो, नोटरी करू' असं एजंट म्हणाला तर हा हिशोब पुढे ठेवा. शाळेपासून बँक, गॅस, आधारपर्यंत सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार चालतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन भरता येते, ती प्रत सोसायटी मागते.

करारात स्वतंत्र कलमं करून घ्या: मेंटेनन्स कोणाचा, टँकरची जादा वर्गणी कोणाची, पार्किंगचा नेमका क्रमांक, घर सोडताना रंगकामाचे किती कापणार, लॉक-इन (म्हणजे ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) किती महिने. लॉक-इन जेवढा छोटा तेवढा बरा. मुलाला दुसऱ्या टोकाच्या शाळेत जागा मिळाली तर सहा महिन्यांचं भाडं अडकायला नको. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने त्याला लावलेलं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा शासनाचा नियम आहे. तो भार मालकाचा. तुमच्याकडून वसूल होत असेल तर विचारा.

पुढे विकत घ्यायची वेळ आली तर इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) मागा. ते नसेल तर महापालिकेचं पाणी कनेक्शन अडून राहतं आणि सोसायटी टँकरवरच चालते. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून चटई क्षेत्र आणि ताबा देण्याची तारीख बघा. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मैदानाचं आरक्षण आहे असं बिल्डर सांगत असेल तर त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला महापालिकेतून काढा. खिडकीतून दिसणारी हिरवळ बागेची आहे की उद्याच्या बावीस मजली टॉवरची, ते त्या एका कागदावर कळतं. रस्त्याचंही तेच: नकाशावरचा २४ मीटर डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) भूसंपादनाअभावी मधेच एखाद्या शेताच्या बांधाशी थांबलेला असतो, आणि तोवर सगळ्या सोसायट्यांची रहदारी आठ मीटरच्या गल्लीतून चालते.

सामान हलवण्याआधी सोसायटीकडून एनओसी आणि लिफ्ट वापरण्याची वेळ लेखी घ्या. अनेक सोसायट्या रविवारी किंवा संध्याकाळनंतर ट्रक आत घेत नाहीत, आणि मोठा ट्रक शहरात दिवसा बंदीच्या वेळेत अडकला तर छोट्या टेम्पोत सामान उतरवण्याचे पैसे वेगळे लागतात. सिलिंडर जुन्या गावच्या एजन्सीकडे जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. नव्या घरात पाइप गॅस असला तर मीटरवरची थकबाकी शून्य असल्याचं शेवटचं बिल मालकाकडून मागून घ्या, चावी हातात घेण्याआधी.